समोरचा पास्कल

न्यू जर्सीला लेकीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या सत्तर वर्षांच्या आजींना "तिकडं तळ्यात पोहनार हाय का?" असं विचारणारा डॉक्टर मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझ्या दवाखान्याच्या बरोबर समोर बसतो.

आजींनी पदर सावरला. "अहो, मी कधी गुडघाभर पाण्यातसुद्धा उतरलेली नाही."

"म्हंजे न्हाय लिहू?"

"नाहीच लिहा."

"बरं. गुहेत जानार? वटवाघळं असतात तिथं."

"लेकीचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे हो!"

"मी न्हाय विचारत, मावशी. सॉफ्टवेअर विचारतंय. उत्तर दिल्याबिगर ते पुढं जात न्हाय."

हे सगळं मला कसं कळलं, असं कुणी विचारेल. मीरा रोडच्या पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन गाळे समोरासमोर आहेत, मध्ये हातभर पॅसेज. दोन्ही दारं उघडी असतात. आणि त्या संध्याकाळी माझ्याकडे एकही पेशंट नव्हता, त्यामुळे ऐकायला भरपूर वेळ होता.

डॉ. पास्कल मुनीस मूळचा उत्तनचा. घरी होड्या, जाळी. एमबीबीएस झाला, मीरा रोडला दवाखाना टाकला, पण बोली गावचीच ठेवली. लहानमोठा कुणीही असो, तो अरे-तुरेच करतो आणि समोरच्याला राग येत नाही. मी बावीस वर्षं सगळ्या पेशंटना अहो-जाहो करतोय, तरी मी खडूस आहे असं सगळे म्हणतात. हे माझ्या जळफळाटाचं पहिलं कारण.

तो आला तेव्हा साधा फॅमिली डॉक्टर होता, माझ्यासारखाच. पेशंटही बेताचे. त्या काळात आमचे संबंध फार चांगले होते. मग त्याने ते सॉफ्टवेअर घेतलं.

माणूस कुठल्या देशात चाललाय, किती दिवस, वय काय, आधीचे आजार कोणते, हे त्यात भरायचं. मग ते सांगतं, कुठल्या लशी घ्या, मलेरियाच्या गोळ्या लागतील की नाही, पाणी कुठलं प्या, कुत्रा चावला तर काय करा. पास्कल दोन्ही हातांच्या एकेका बोटाने टाइप करतो आणि प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणतो. "के… ई… एन… वाय…" एवढ्यात बाहेर बसलेल्या सगळ्यांना कळतं की कोणीतरी केनियाला चाललंय. शेवटी सात पानी रंगीत छापील सल्ला निघतो, नकाशासकट. तो पारदर्शक फोल्डरमध्ये घालून, वर पेशंटचं नाव लावून, दोन्ही हातांनी देतो.

आता मला सांगा, माझी वीतभर चिठ्ठी कुठे आणि तो फोल्डर कुठे! लोक तो फोल्डर घेऊन नातेवाइकांकडे जातात. माझी चिठ्ठी केमिस्टच्या काउंटरवरच राहते.

आणि मीरा रोडला घरटी एक माणूस कुठे ना कुठे निघालेला असतोच. कुणी बोटीवर, कुणी गल्फला, कुणी मक्केला उमरेसाठी, कुणी नातवंडं सांभाळायला कॅनडाला. याआधी हे सगळे माझ्याकडे यायचे. मी उलटीची एक आणि जुलाबाची एक अशा दोन पट्ट्या द्यायचो आणि "पाणी उकळून प्या" म्हणायचो. कुणाला काही झालं नाही. निदान कुणी परत येऊन तसं सांगितलं नाही.

ते सगळे समोर जायला लागले. मी बसल्या जागेवरून त्याच्या दारातल्या चपला मोजायचो. आमच्या रिसेप्शनला असणाऱ्या शोभाताई हे बघायच्या आणि मुद्दाम विचारायच्या, "डॉक्टर, आज किती जोड?" एकदा माझ्या जुन्या पेशंट, इमारतीतल्या सगळ्यांच्या खाला, उमरेला निघालेल्या, समोर बसलेल्या दिसल्या. पास्कल त्यांना समजावत होता, "खाला, ऊंट का कच्चा दूध पीने का नहीं. सॉफ्टवेअर मना करता है." खाला म्हणाल्या, "बेटा, मैं तो भैंस का भी उबाल के पीती हूँ." दोघंही हसले. मी दार लावून घेतलं.

प्रकरण जायच्या आधीच्या सल्ल्यावरच थांबलं असतं तरी चाललं असतं. पण त्या सॉफ्टवेअरमध्ये परतीची तारीखही भरायची असते. त्या तारखेनंतर तिसऱ्या दिवशी त्याच्या स्क्रीनवर नाव लाल होतं आणि पास्कल फोन लावतो. "आलास काय? ताप, जुलाब, पुरळ कायतरी? गोळ्या चालू हायत न्हवं?" रोज संध्याकाळी साडेपाचपासून हा कार्यक्रम. महाबळेश्वरला मधुचंद्राला गेलेल्या एका जोडप्यालाही त्याने फोन केला होता. सॉफ्टवेअरमध्ये महाबळेश्वर नव्हतं म्हणून त्याने "भारत, डोंगराळ भाग" असं भरलं. त्यात कुत्र्याचा आणि माकडाचा एवढा मोठा इशारा छापून आला की ती बिचारी मुलगी तीन दिवस हॉटेलच्या खोलीतून बाहेर पडली नाही, असं म्हणतात. नवऱ्याची अर्थात काही तक्रार नव्हती.

मी चिडतो, हे माझ्या पेशंटना हळूहळू कळलं. कुणी माझ्यासमोर परदेशाचं नाव काढलं की माझा चेहरा बदलायचा. "मग समोरच जा ना," असं मी दोन-तीनदा बोललोही. परिणाम असा झाला की लोक माझ्यापासून प्रवास लपवायला लागले. माझ्या दारावरून जाताना फोल्डर ओढणीखाली, शर्टाखाली, भाजीच्या पिशवीत. परत आल्यावर खोकल्यासाठी माझ्याकडे यायचे, पण कुठे गेले होते, हे कुणीच सांगत नव्हतं. आणि मीही विचारत नव्हतो. तो प्रश्न त्याचा, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

मोहित्यांचं घर मात्र आपलं, याची मला खात्री होती. अठरा वर्षांचे पेशंट. दोन्ही मुलांना गोवर झाला तेव्हा मी घरी जाऊन बघितलं होतं. मोहिते पंप दुरुस्तीच्या कंपनीत. एका डिसेंबरात, फोल्डर शर्टाखाली खुपसून ते समोरून बाहेर पडताना मला दिसले. पोटावर चौकोन आला होता. मला बघून म्हणाले, "काही नाही डॉक्टर, जरा पत्ता विचारायला गेलो होतो." त्या रात्री मी जेवलो नाही. पेशंट सोडून जातात, ते चालतं. पण आता मोहितेही?

जानेवारीत एका गुरुवारी सकाळी नवरा-बायको आले. मोहित्यांना ताप, अंगात कणकण, थंडी. तेव्हा दर दुसऱ्या घरात व्हायरल होता. "कधीपासून?" मी विचारलं. "कालपासून," ते म्हणाले. मोहितेबाई काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात त्यांनी बायकोच्या हाताला धरलं. मला ते दिसलं. कुठे जाऊन आलात, एवढं मी विचारायला हवं होतं. शिकाऊ पोरानेही विचारलं असतं. पण मी विचारलं असतं तर "मुनीस डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या" हे वाक्य मला ऐकावं लागलं असतं. ते ऐकायची माझी तयारी नव्हती. मी तापाच्या गोळ्या लिहिल्या, आराम करायला सांगितलं. शेवटी आले ना माझ्याकडेच, या आनंदात मी दुपारभर होतो.

संध्याकाळी सहाच्या सुमारास पास्कल माझ्या दारात उभा. सॉफ्टवेअर आल्यापासून त्याने कधी पॅसेज ओलांडला नव्हता. बाहेर माझे चार पेशंट बसले होते. त्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "डॉक्टर, माझा बीपी बघ जरा. चक्कर येते." आणि आत येऊन पेशंटच्या स्टुलावर बसला, बाही वर केली.

मी पट्टा बांधला. तो माझ्याकडे झुकला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "मोहिते आफ्रिकेत होता, मोझांबिकला. तीन आठवडे. सोमवारी उतरला. मलेरियाची गोळी परत आल्यावर पन चार आठवडे घ्यायची होती, त्यानं विमानतळावरच बंद केली. आता फोन केला तर बायको बोलली, ताप हाय, आमच्या डॉक्टरच्या औषधानं झोपलेत."

माझा हात फुगा दाबत राहिला.

"सोड, सोड. हात तुटल माझा."

मी हवा सोडली. "तू त्यांना सांगितलंस?" मी विचारलं.

"न्हाय. तू बोलव. तू सांग, रक्त तपासा म्हनून. मी सांगितलं तर ते घर तुझ्या हातचं जाईल." मग बाही खाली करत मोठ्याने म्हणाला, "किती आला?"

"एकशे सत्तर, शंभर." तो खरंच एवढा होता.

मोहित्यांना मी फोन करून उठवलं, लॅबवाल्याला घरी पाठवलं. दीड तासात रिपोर्ट आला. मलेरिया, तोही मेंदूपर्यंत चढणाऱ्या जातीचा. रिक्षात मी त्यांच्याबरोबर बसलो. हॉस्पिटलमधला डॉक्टर म्हणाला, उद्या आला असता तर सांगता आलं नसतं. मी मान हलवली. सहा दिवसांनी मोहिते घरी आले.

दुसऱ्या दिवशी मोहितेबाई पेढे घेऊन आल्या आणि सगळ्यांसमोर माझ्या पाया पडल्या. "आम्ही तुमच्यापासून लपवलं, डॉक्टर, तरी तुम्ही ओळखलंत. मुनीस डॉक्टर पण म्हणाले, तुमच्या डॉक्टरचा हात धरणारा कोणी नाही."

मी पेढे घेतले. खोका टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला. आज लिहिताना लाज वाटते, पण त्या क्षणी मला बरं वाटलं होतं, हेही खरं. त्या गेल्यावर मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. पेशंट नेले, चपला नेल्या, आता मोठेपणातही हा माझ्या पुढे! पेढ्यांचा खोका घेऊन मी तरातरा समोर गेलो. त्याला दोन शब्द सुनावायचे होते. कुठले ते ठरलं नव्हतं.

पास्कल फोनवर होता. त्याने हाताने बस म्हणून खूण केली.

"आलास काय रे? …हां, बरा हायस ना? …बरं, बरं." फोन बंद झाला होता, तरी तो शेवटचं "बरं" बोलला. दुसरा नंबर लावला. "कोण? कुठला डॉक्टर? हां, आलो, ठीक आहे," एवढं पलीकडचं मलासुद्धा ऐकू आलं. तिसऱ्याने उचललाच नाही.

"तू का सांगितलं नाहीस?" मी विचारलं. "श्रेय तुझं होतं."

"मी काय करू घेऊन?" त्याने फोन टेबलावर ठेवला. "माझ्याकडं मानूस एकदाच येतो, डॉक्टर. जाताना. बॅग भरायची घाई असते त्याला. परत आला की तुझ्याकडं येतो. खोकला घेऊन, पोराचा रिझल्ट घेऊन, सासूचं भांडन घेऊन. मी इथून बघतो ना सगळं. घरी पन आता कोन न्हाय, आई गेल्यापासून. तुझा लय हेवा वाटतो मला."

मी स्क्रीनकडे बघितलं. नावांची लांबलचक यादी होती, आणि तिच्यात माझं नाव होतं.

त्याआधीच्या दिवाळीनंतर मी आणि बायको टूरबरोबर व्हिएतनामला जाऊन आलो होतो. पास्कलला कळू नये म्हणून दारावर "घरगुती कारणास्तव बंद" असा कागद लावला होता. तिथे माझं पोट बिघडलं आणि तीन दिवस मी हॉटेलात पडून होतो, हेसुद्धा मी कुणाला सांगितलं नाही. इथे मात्र सगळं व्यवस्थित भरलेलं होतं. नाव, वय, देश, जायची तारीख, यायची तारीख. फोनच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, "फोन नको, रागावेल. समोर दिवा लागला की समजेल." आणि त्यापुढे, "आला. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं."

"शोभाताई बोलली होती," पास्कल ओशाळून म्हणाला आणि स्क्रीन स्वतःकडे वळवली. "मी काय केलं न्हाय. नुसतं लिहून ठेवलं."

मी खोका उघडून त्याच्यासमोर ठेवला. माझ्या दवाखान्यात दोन पेशंट येऊन बसले होते, शोभाताई दारातून हाताने मला बोलावत होत्या. पास्कलने पुढचा नंबर लावला. फोन वाजत राहिला, आणि पलीकडून कुणी उचलेपर्यंत मी तिथेच बसून राहिलो.