उसना नमुना

क्रेनचालकाची नोकरी कायम व्हायला लघवीची तपासणी तेवढी उरली होती. त्या सकाळी तो बुटाची नाडी बांधत असताना आई कौतुकाने म्हणाली, "लागली ना छान झोप? काळजीने तळमळत होतास, म्हणून काल माझी झोपेची गोळी दिली तुला गुपचूप. कळलंही नाही बघ!"

नाडी हातातच राहिली. "आई, तेच शोधतात गं तिथे! डॉक्टरांनी सांगितलंय ना, दुसऱ्या कुणाला देऊ नका?"

"तू काय दुसरा आहेस?"

पहाटेपर्यंत त्याचा डोळा लागला नव्हता. गोळीही आपल्यावर रुसली असावी, असे त्याला उगाच वाटून गेले.

आता नमुन्यासाठी उरले बाबा. त्यांनी डोकेदुखीलासुद्धा कधी गोळी घेतली नव्हती. एरवी पाचला उठणाऱ्या बाबांना आज हलवून जागे करावे लागले. त्याने रिकामी बाटली पुढे केली.

"कशाला रे?"

"विचारू नका ना."

भिंत धरून, उंबऱ्याला ठेचकाळत बाबा गेले, भरलेली बाटली आणून दिली आणि पुन्हा आडवे झाले.

"वय झालं," आई हळहळली.

बाटली काखेच्या उबेत जपत तो तपासणीला पोहोचला आणि स्वच्छतागृहाच्या दाराआड बाबांचा नमुना सरकारी गांभीर्याने डबीत ओतून बाहेर आला. तपासनीस बाईंनी डबीत पट्टी बुडवली.

"झोपेच्या गोळीचा अंश आहे."

"शक्यच नाही!"

"का बरं?"

त्याने बाहेर येऊन घरी फोन लावला.

"आई, गोळी कशात घातली होतीस?"

"दुधात."

दुधाचा पेला त्याने तोंडालाही लावला नव्हता. "मग ते दूध प्यायलं कोण?"

"वाया जाऊ देतील का तुझे बाबा? अगं बाई! अजून घोरतायत ते!"

"डॉक्टरांना बोलाव आधी! आणि त्यांना एकटं चालू देऊ नकोस, तोल जाऊन पडतील."

आयुष्यभराचा संकोच गिळून तो तपासनीस बाईंच्या खिडकीशी परतला. "ताई, तो नमुना माझा नव्हताच. बाबांचा होता."

"सगळे असंच म्हणतात," बाई वर न बघता म्हणाल्या. "तीन महिन्यांनी या."

"आत्ता घ्या ना दुसरा! सकाळपासून धरून ठेवलंय हो."

"तीन महिन्यांनी."

तो स्वच्छतागृहाकडे वळला. त्याला वाचवू शकणारा एकमेव पुरावा, पिवळसर आणि निष्कलंक, त्याने एकट्यानेच वाहून जाताना पाहिला.