चिमट्यातलं शेवटचं प्रकरण

आमच्या वरच्या मजल्यावरचे वाघमारेकाका कादंबरी वाचतात ती दोन चिमटे लावून. कपडे वाळत घालायचे साधे चिमटे, एक गुलाबी, एक निळा. लायब्ररीतून पुस्तक आणलं की काका आधी आमच्या दारात येतात. मी त्यातलं फक्त शेवटचं प्रकरण वाचायचं, त्या पानांना चिमटे लावायचे आणि पुस्तक परत त्यांच्या हवाली करायचं. मग काका चिमट्यापर्यंत वाचतात, खाली येतात आणि खुनी कोण ते मला सांगतात. मी ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणायचं. ‘बरोबर’ म्हणायची वेळ कधी आली नव्हती.

या कारभारात माझं वाचन पार बिघडलं. मला खुनी ढिगानं ठाऊक आहेत, पण त्यांनी मारलेली माणसं जिवंतपणी कशी होती, ते एकाचंही सांगता यायचं नाही.

काका चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तयार माल तपासायला होते. खोट काढण्यात उभी नोकरी गेली, पण कादंबरीतल्या माणसात त्यांना कधी खोट सापडली नाही. माणूस जरा प्रेमळ दिसला की तो संशयातून बाद. एका कादंबरीतला आचारी दिसेल त्याला विष घालत सुटला होता. काकांचा त्याच्यावर काडीचा संशय नाही.

“ताई, जो माणूस पाहुण्याला दुसऱ्यांदा चहा विचारतो, तो खून करंल का?”

“त्या चहातच विष होतं, काका.”

“व्हय, पण विचारला तर होता ना.”

विज्ञानकथांतही तीच तऱ्हा. यंत्रमानव पिसाळू देत नाहीतर परग्रहावरचं सैन्य पृथ्वीवर उतरू दे, काका डगमगत नाहीत. त्यांची काळजी वेगळी. “एवढ्या लांब निघाले, डबा कोणीच घेतलेला दिसत नाय.”

चिमट्यांची ही पद्धत सुमनकाकूंची. काकांना शेवट आधी चोरून बघायची खोड, म्हणून काकू पुस्तक स्वतः आधी वाचून चिमटे लावायच्या. काका चुकले की काकू चहा टाकायच्या आणि खुनाची सगळी उकल समजावून सांगायच्या. आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं, “अहो, तो लंगडा नव्हताच मुळी.” मग दोघंही हसायचे.

काकू गेल्या. महिन्याभरानं काका पुस्तक आणि चिमटे घेऊन आमच्या दारात उभे. “सुमनला एकदा तरी बरोबर सांगून दाखवायचं होतं, ताई. राहिलंच. आता तुम्ही बघा. एकदा बरोबर आलं की मी मोकळा.”

माणसाची एवढीशी इच्छा, नाही कसं म्हणणार? तेव्हापासून काका चुकतात, मी चहा टाकते आणि उकल करून सांगते. तोवर इकडे गॅसवरची भाजी करपते. एकदा मी वैतागून म्हटलं, “आता चिमटे काढा आणि शेवट घरी जाऊन वाचा की.” काका दुखावले.

“शेवट काय वाचायचा असतो व्हय? शेवट ऐकायचा असतो.”

तर परवा काकांनी मंगळावरच्या वसाहतीतल्या खुनाची कादंबरी आणली. मी शेवटचं प्रकरण वाचलं आणि कपाळावर हात मारला. खुनी निघाला म्हातारा डॉक्टर. तोही असा, की स्वतःच्या वाट्याचं पाणी आजाऱ्यांना पाजणारा. म्हटलं, काका काही या जन्मात याच्यावर संशय घेत नाहीत.

रविवारी सकाळी बेल वाजली. आमच्याकडे पाणी आठवड्यानं येतं आणि नेमकं त्याच वेळी आलं होतं. पिंपात पाइप सोडून मी दार उघडलं.

“डॉक्टर,” काका म्हणाले.

“कशावरून?”

“चादर वाळत घातली होती त्यानं. ताई, तिथंबी पाणी आठवड्यानंच. दुसऱ्या दिवशी पाणी येणार होतं, पिंपाचा तळ दिसाय लागलेला, आन् हा बाबा चादर धुतो? आपल्या कॉलनीत धुईल का कोणी? रक्त लागल्याबिगर नाय धुणार.”

शेवटच्या प्रकरणात हीच चादर होती.

“पण किती प्रेमळ होता तो, काका.”

“लई प्रेमळ. मला वाईट वाटलं. पण चादर ती चादर.”

“बरोबर,” मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण समोरच्या देशपांडेकाकू हातातली बादली घेऊन बाहेर आल्या. काकांचे हे चिमटे अख्ख्या बिल्डिंगला माहीत. बघता बघता जिना भरला. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी काकांच्या तोंडात पेढा कोंबला आणि काकांनी चादरीची हकीकत प्रत्येक मजल्याला वेगळी सांगितली. माझं पिंप भरून पाणी जिन्यावरून वाहत होतं आणि आमच्या कॉलनीत त्यावरून मला कुणी एक शब्द बोललं नाही. यावरून तो विजय केवढा होता ते समजावं.

मग पाणी जायची वेळ झाली आणि सगळे आपापल्या नळांकडे पळाले. दारात काका आणि मी उरलो.

“झालात मोकळे,” मी म्हणाले.

“व्हय. चला, निघतो.” पण काका हलले नाहीत. पुस्तकावरचे चिमटे काढून त्यांची उघडझाप करत उभे राहिले. “बरोबर आलं की लगेच घरी जावं लागतं, हे काय माझ्या ध्यानात आलं नव्हतं बघा.”

वर त्यांच्या घरात चहा टाकणारं कुणी नव्हतं आणि शेवट सांगणारंही.

“काका,” मी म्हटलं, “मला नुसता खुनी माहीत आहे. ती वसाहत, ती माणसं, तो मेलेला कोण, कशाचा पत्ता नाही. मला पहिल्यापासून सांगा. मी चहा टाकते.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्या पानापासून.”

काका आत आले. खुर्ची ओट्याजवळ ओढून बसले, गुलाबी चिमटा आणि निळा चिमटा टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि घसा साफ केला.

“तर ताई, यान सुटलं,” ते म्हणाले, “आन् डबा कोणीच घेतला नव्हता.”