हवालदारांची सुई

बाईच्या हातकामाची स्तुती करण्याआधी हात कोणाचा आहे हे विचारून घ्यावं, एवढं शहाणपण मला बेचाळिसाव्या वर्षी आलं. तेही नवघरला, म्हात्र्यांच्या ओटीवर, चारचौघांदेखत.

लढाई संपून वर्ष होत आलं होतं. बाळाराम म्हात्रे पलटणीतून हवालदार होऊन परतले होते, छातीवर दोन बिल्ले आणि ओठावर वीतभर मिशी घेऊन. मी मिठागराच्या कचेरीतला कारकून. गावात कोणी नाव काढून आलं की भेटून यायचं, ही माझी जुनी खोड. गेलो. खुर्चीत बसलो, तर खुर्चीच्या पाठीवर पांढरं कापड आणि त्यावर भरलेली पोपटांची जोडी. असे हुबेहूब, की आता मिरची मागतील.

मी म्हात्रेवहिनींकडे वळलो. "वा, वहिनी! हात आहे की जादू! हे बायकांनाच जमायचं. आम्ही पुरुष नुसते दगड फोडायच्या कामाचे."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. ओटीवरचे दोघेतिघे एकदम आढ्याकडे बघू लागले. हवालदार उठले, टाच आपटली आणि मला कडक सलाम ठोकला.

"हात माजा हाय, साहेब."

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी म्हणालो, "तरीच! टाका कसा दणकट आहे!"

हवालदारांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नजर माझ्या काखेतल्या छत्रीवर थांबली. "फाटलीय. ठेवून जा." तो हुकूम होता. ठेवून आलो.

आठ दिवसांनी छत्री परत आली. भोकाच्या जागी लालभडक गुलाब, बशीएवढा. दोन हिरवी पानं. आणि देठावर, भोक तिथवर नव्हतं तरी, एक पोपट. मी ती उघडून कचेरीच्या आवारात पाऊल टाकलं मात्र, आमचे गुजराती मुनीमजी गादीवरून ओरडले, "अरे, वरराजा आव्या के शुं?" हमालांपासून तोलाऱ्यापर्यंत सगळी कचेरी हसली. त्या संध्याकाळी मी छत्री मागच्या पडवीत भाताच्या कणगीमागे कोंबली आणि हवालदार भेटल्यावर चेहरा पाडून सांगितलं, "होडीतून उतरताना खाडीत गेली हो!"

"न्हाय तर न्हाय," हवालदार म्हणाले. "दुसरी आना. मोर काढतो."

पुढचा पावसाळा मी डोक्यावर गोणपाट घेऊन काढला.

ही विद्या त्यांनी मिळवली ती लष्करी इस्पितळात. जखमी होऊन तिथे आठ महिने पडून होते. जखमा भरल्या, पण हात थरथरायचे ते थांबेनात. पाण्याचा पेला तोंडाशी नेईतो निम्मा अंगावर. तिथे एक मेमसाहेब यायची. शिपायांच्या खाटाखाटांमधून फिरायची आणि कोणाला माती द्यायची, कोणाला रंग, कोणाला वेत. हवालदारांच्या पुढ्यात तिने सुई ठेवली.

"गोळी सुटली तवा भ्यालो न्हाय," ते सांगायचे. "सुई बगून घाम फुटला. पयला टाका घालाया सात दिस लागले. पन घातला! टाका सरल तर मानूस सरल."

हे 'टाका सरल तर मानूस सरल' त्यांचं ब्रीदवाक्य. त्यापायी नवघरात सरळ टाक्यावाचून काही उरलं नाही. बैलांच्या झुलींवर कमळं आली. वहिनींच्या पापडाच्या फडक्यावर वाघ आला, आणि वहिनी म्हणाल्या, "ह्यावर पापड घालू कशी? माजाच हात थरथरतो!" शेजारच्या डोंगरी गावातल्या एका नाखव्याच्या फाटक्या शिडाला ठिगळ लावलं, तर त्यावर मोर. नाखवा बोंबलत आला, "मोर बगून म्हावरा पलल, हवालदार!" दुसऱ्या दिवशी त्याची होडी पापलेटांनी वाकली. तिसऱ्या दिवशी चांगली धडधाकट शिडं फाडून आणणाऱ्यांची ओटीवर रांग.

पण हवालदारांची खरी गंमत रविवारी. त्या दिवशी त्यांच्या ओटीवर शिवणाची परेड असे. पलटणीत शिपाई एकच, डोंगरीचा पास्कू.

पास्कूही लढाईवरून आलेला, हवालदारांच्याच इस्पितळात हिवताप काढून. चोवीस-पंचवीसचा, उंच, देखणा. अंगाला कुठे ओरखडा नाही. पण परतल्यापासून एक शब्द बोलला नव्हता. रविवारी चर्चमधून त्याची आई त्याला बैलगाडीने थेट इथे आणून बसवायची. हवालदार गणवेशात तयार असत.

"पलटन, सावधान!" एकटा पास्कू उभा राही. "पलटन, बैठ! सुई, उठाव!" पास्कू सुई उचले. त्याचा टाका हवालदारांपेक्षा सुबक. पण तोंडाला कुलूप. कुंपणापाशी जमलेली माणसं खो खो हसत. मीही हसलो आहे, खोटं कशाला बोलू?

परेड संपली की त्याची आई विचारी, "बोलला का रं, हवालदार?"

"हुकूम आला की बोलंल, आये."

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी तिने हे विचारलं नाही. ओटीच्या पायरीवर बसून म्हणाली, "त्याचा काका म्हनतो, आता पुरं. ह्या म्हैन्यात बोलला तर बोलला, न्हाय तर एक तारखेला येड्यांच्या इस्पितलात नेऊन टाकतो. मी एकटी बाय, किती नको म्हनू?"

हवालदारांनी मिशीला पीळ द्यायला हात वर नेला आणि तसाच खाली आणला.

आता आमच्या घरातली हकिकत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा भरतकामाचे रुमाल लुटायचे असं आमच्या हिने ठरवलं, आणि काम दिलं हवालदारांना. मी म्हणालो, "अगं, बायका काय म्हणतील?" ही म्हणाली, "तुम्ही वहिनींना म्हणालात त्याहून वेडं काही म्हणणार नाहीत."

समारंभाच्या दिवशी पुरुषांनी घरात लुडबुडू नये असा रिवाज. म्हणून मी मागच्या पडवीत तिळाच्या लाडवांचा डबा राखत बसलो. राखता राखता पाच लाडू कमी झाले. एवढ्यात पुढच्या दारी बुटांचा आवाज आला. रुमाल पोचवायला हवालदार आले होते, बिल्ल्यांसकट. मागे दोऱ्यांची पेटी घेऊन पास्कू.

रुमाल पाहून बायकांत गलका उडाला. हवालदार निघाले, तर बायकांनी वाट अडवली. मुनीमजींची बायको म्हणाली, "अमने शिखवो, भाई! शिकवल्यावाचून जायाचा नाय!" घरोघरी सुया आणायला पोरी धावल्या. मी दाराच्या फटीला डोळा लावला.

आणि काय सांगू! आमच्या माजघरात नऊवाऱ्या नेसलेल्या वीस बायकांची पलटण, आणि पुढे हवालदार, छाती काढून.

"पलटन! सुई, उठाव! डोला, देख! दोरा, घुसाव!"

"घुसत नाही हो!"

"गप! परेडीत बोलाचं न्हाय! टाका, घाल! खाली, वर! खाली, वर!"

"धीरे, भाई, धीरे! बोटमां घुसी गई!"

कोणी हसून लोळतंय, कोणी दुसरीच्या पदराला टाका घालतंय, एकीने रुमाल स्वतःच्याच लुगड्याला शिवून टाकला आणि उठताना सगळी रांग ओढली गेली. हसून हसून माझ्या घशात सहावा लाडू अडकला.

त्या धांदलीत आमच्या हिच्या दोऱ्याला गुंता पडला. ही मुळात तापट. ओढतेय, ओढतेय, गाठ आणखी घट्ट. पास्कू शेजारीच पेटी घेऊन उभा होता. तो खाली वाकला.

"वडू नका," तो म्हणाला. "ढिला सोडा."

हिने मान वर केली नाही. "सोडला. आता?"

"आता मागून घ्या. हां. हलू."

हवालदारांचं तोंड उघडं होतं. पुढचा हुकूम त्यातून आला नाही. बायका वाट बघत राहिल्या. हवालदार वळले आणि पाय टाकत सरळ मागच्या पडवीत आले, माझ्यापुढे. मी डबा लपवला. ते माझ्याकडे बघतच नव्हते. कणगीला टेकून खाली बसले, आणि पाठीला काही टोचलं म्हणून मागे हात घातला.

छत्री बाहेर आली.

जमीन दुभंगली असती तर मी लाडवांसकट आत गेलो असतो. हवालदारांनी छत्री उघडली. गुलाबाची एक पाकळी उसवली होती. त्यांनी टोपीच्या घडीतून सुई काढली, दोरा काढला आणि ओवायला लागले. हात असे थरथरत होते, की सुई एकीकडे आणि दोरा दुसरीकडे.

"साहेब, जरा ओवून द्या. आज हात ऐकत न्हाय."

मला सातव्या खेपेला जमलं.

"इस्पितलात असाच कोनतरी ओवून द्यायचा," ते पाकळीवर टाका घालत म्हणाले. "शेजारच्या खाटेवरचा. लई बडबड्या. मी हात हालवत बसायचा, त्यो दोरा ओवायचा आन् गानी म्हनायचा. सात दिस ओवला, तवा माजा पयला टाका पडला. मग एक दिस तार आली, त्याचा सख्खा भाव बोटीसकट बुडाला म्हनून. तवापासून गप."

"कोण तो?"

त्यांनी हनुवटीने माजघराकडे खूण केली.

मी लाडू पुढे केला. त्यांनी घेतला नाही. म्हणाले, "त्याच्या आयेला जाऊन सांगाया पायजे. पन पाय बी ऐकत न्हाय."

दारात पास्कू येऊन उभा राहिला. काखेत पेटी.

"हवालदार," तो म्हणाला, "उठा. आयेकडं चला."

हवालदार उठले. टाच आपटली आणि आपल्या एकुलत्या एक शिपायाला सलाम केला.

"जी, हुकूम."

दोघे मागच्या दाराने गेले. मिठागराच्या बांधावरून डोंगरीच्या वाटेला लागेपर्यंत मी बघत राहिलो. हात धरून कोण कोणाला नेत होतं, ते लांबून कळत नव्हतं.

बायका गेल्यावर ही मागे आली. आधी डब्यातले लाडू बघितले, मग उघडी छत्री, मग मला. मी खाडीची थाप कबूल केली. हवालदार बोलले तेही सांगितलं. तिने त्या पाकळीच्या टाक्यावर बोट फिरवलं. टाका वाकडा होता.

"उद्या कचेरीत हीच न्या," ती म्हणाली. "आणि उघडून न्या."

"अगं, पौष महिना. पाऊस कुठला?"

"पावसाचं मी काही बोलले का?"