सुकेळ्यांवर शेकडा वीस सूट

सातवीत गेल्या गेल्या आमच्या रिद्धीने जाहीर केलं की तिला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसायचं आहे आणि त्यासाठी समोरच्या इमारतीतल्या जयवंत सरांची ट्यूशन लावायची आहे. मी पेपर बाजूला ठेवला आणि म्हणालो, "घरात शिष्यवृत्तीवाला बाप असताना ट्यूशन कशाला?"

तेवढं एक वाक्य मी चहाबरोबर गिळलं असतं, तर पुढचं काही घडलंच नसतं.

(इथे एक खुलासा करून टाकतो. सातवीत मी शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसलो होतो, हे खरं आहे. निकालाचं मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. रिद्धीने आपला आपण अर्थ लावून घेतला. तो गैरसमज मी दूर करणारच होतो. पण ती सहा वर्षांची असताना राजोडीच्या किनाऱ्यावर तिने वाळूत बोटाने 'माझे बाबा हुशार आहेत' असं लिहिलं, आणि त्यानंतर माझा धीर झाला नाही. ऑफिसात मला कुणी हुशार म्हणत नव्हतं, घरात बायको म्हणत नव्हती. एवढी एकच जागा होती, ती मला सोडवेना.)

विनयाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, माझ्याकडे नीट बघितलं. "ठीक आहे. शिकवा तुम्ही. पण एक जरी गणित अडलं, तर दुसऱ्या दिवसापासून सर."

"अडेल कसं?" मी म्हणालो.

नोव्हेंबरपर्यंत खरंच काही अडलं नाही. नळ आणि टाकी झालं, काळ-काम-वेग झालं. (उत्तरं पुस्तकाच्या शेवटी दिलेली असतात. ती आदल्या दिवशी बघून ठेवायला कुणाची बंदी नाही.) मग शेकडेवारी आली. नफा, तोटा आणि सूट. त्या दिवशी ऑफिसातून यायला उशीर झाला आणि शेवटचं पान बघायचं राहून गेलं.

रिद्धीने गणित वाचलं, "एका व्यापाऱ्याने वस्तूची किंमत खरेदीपेक्षा शेकडा वीसने वाढवून छापली. नंतर छापील किमतीवर शेकडा वीस सूट दिली. तर त्याला शेकडा नफा किंवा तोटा किती?"

"सोपं आहे," मी म्हणालो. "वीस चढवले, वीस उतरवले. ना नफा ना तोटा. पर्याय तीन."

"बाबा, शंभर रुपये धरून बघू या का?"

"कशाला? नसलेले शंभर रुपये धरण्यात काय अर्थ आहे? हुशार माणूस आकडेमोड करत नाही, रिद्धी. तो तर्क करतो."

तिने शेवटचं पान उघडलं. "पुस्तकात पर्याय दोन आहे. शेकडा चार तोटा."

स्वयंपाकघरातला पोळ्यांचा आवाज थांबला.

"छपाईची चूक," मी म्हणालो. "दोनाच्या जागी तीन हवा. छापखान्यात होतं असं."

विनया लाटणं घेऊनच बाहेर आली. "म्हणजे अडलं."

"पुस्तकाचं अडलं, माझं नाही. आणि हे मी सिद्ध करून दाखवीन."

कसं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. पण जानेवारीत रिद्धीच्या शाळेचा आनंद मेळावा होता. मुलं स्टॉल लावतात, पालक वडापाव खातात आणि सगळे 'व्यवहारज्ञान, व्यवहारज्ञान' म्हणतात. मी ठरवलं की तिथेच गणितातल्या व्यापाऱ्यासारखा हुबेहूब व्यापार करायचा. माल घ्यायचा, वीस टक्के चढवायचे, वीस टक्के सूट द्यायची आणि संध्याकाळी डबा मोजायचा. घातले तेवढेच पैसे डब्यात निघाले तर पुस्तक चूक, ट्यूशनचा विषय कायमचा बंद. कमी निघाले तर मी स्वतः रिद्धीला सरांकडे सोडून येणार. विनयाने मिक्सरसाठी साठवलेले अडीच हजार भांडवल म्हणून दिले. इतक्या चटकन दिले की तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

(आपली मुलगी रोज संध्याकाळी खालच्या मजल्यावर मैत्रिणीकडे व्याकरण करायला का जायला लागली, ही शंकाही मला तेव्हाच यायला हवी होती. पण भाषा हा माझा विषय नव्हे, म्हणून मी त्यात लक्ष घातलं नाही.)

वडापाव सगळेच विकतात, म्हणून मी सुकेळी निवडली. वसईत राहून सुकेळी माहीत नसतील तर ते राहणं फुकट. राजेळी केळी उन्हात वाळवून, वाळक्या पानात बांधून पुडी करतात. आमच्या बाजारात बसणाऱ्या डेल्फिन मावशी भुईगावच्या. त्यांच्या घरी गेलो तर त्या पडवीत पुड्याच बांधत होत्या.

"शंभर पुड्या?" त्या म्हणाल्या. "येवढी कोन खानार रे बाबा? घरात लगीन हाय का?"

"शास्त्रीय प्रयोग आहे, मावशी."

"मग रोकडे पैशे दे. शास्त्राला मी उधार नाय देत."

पंचवीस रुपयांना एक याप्रमाणे अडीच हजार त्यांच्या हातावर ठेवले आणि पोतं रिक्षात घालून घरी आणलं. रात्रभर घर गोड वासाने भरून गेलं होतं. मला तो विजयाचा वास वाटला.

मेळाव्याच्या दिवशी मी रिद्धीच्या रंगपेटीने पाटी रंगवली. 'अस्सल वसईची सुकेळी. छापील किंमत तीस रुपये. शेकडा वीस सूट!' रिद्धी डब्यापाशी बसली आणि मी पुढे उभा राहून ओरडायला लागलो.

पहिल्या गिऱ्हाईक मराठीच्या बाई होत्या. रिद्धीने क्षणात सांगितलं, "तिसावर वीस टक्के म्हणजे सहा. चोवीस रुपये, बाई."

"शाबास!" मी म्हणालो.

बाई गेल्यावर तिने माझी बाही ओढली. "बाबा, चोवीस."

"हो, ऐकलं. बरोबर आहे."

"आपण पंचवीसला घेतलीय."

"मग? पंचवीसवर वीस टक्के चढवले ना आपण? झाले तीस. आता तेवढेच उतरवले. घोळ घालू नकोस, गिऱ्हाईक उभं आहे."

तिने चोवीस रुपये डब्यात टाकले. मग पुढची पुडी दिली. हिला अखेर तर्क पटला, असं मला वाटलं आणि मन भरून आलं.

तासाभरात साठ पुड्या गेल्या. वडापाववाले माझ्याकडे असूयेने बघत होते. एवढ्यात नातीचा स्टॉल बघायला आलेल्या डेल्फिन मावशी आमच्यासमोर थांबल्या. पाटीवरचं त्यांना वाचता येत नव्हतं.

"काय भाव लावलास?"

"छापील तीस आहे, मावशी. पण सूट देऊन चोवीस."

"चोवीस?"

"फक्त चोवीस!"

त्यांनी पुडी उलटीपालटी करून आपलीच आहे ना ते बघितलं. "किती उरल्या?"

"चाळीस."

"सगळ्या दे."

त्यांनी कनवटीचे पैसे काढून नऊशे साठ रुपये बिनचूक मोजले. "उद्याला दुकान लाव रे बाबा," त्या म्हणाल्या. "मी रोज येईन."

ज्या बाईने माल विकला तीच तो परत घ्यायला येते, याहून मोठी पावती विक्रेत्याला काय मिळणार? मी रिद्धीला तसं म्हणालोसुद्धा. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. अभिमानाने, असं मी समजलो.

मग आम्ही डबा मोजला. दोन हजार चारशे.

पुन्हा मोजला. दोन हजार चारशे. मी नोटा एकेक करून उलगडल्या, डबा उपडा केला, टेबलाखाली गुडघ्यांवर बसून शोधलं. मिक्सरचे शंभर रुपये गेले त्याचं दुःख होतंच, पण पोरीसमोर काय तोंड दाखवायचं? ती अगदी हळू म्हणाली, "बाबा, शंभर पुड्या. दर पुडीला एक..."

"चोरी झाली!" मी म्हणालो आणि तडक माईकवर गेलो.

"शंभर रुपयांची नोट हरवली आहे. सापडल्यास सुकेळ्यांच्या स्टॉलवर टिपणीस यांच्याकडे आणून द्यावी." मी हे तीनदा सांगितलं. सगळी शाळा खाली बघत चालायला लागली. एका पालकाने माझ्यासमोर स्वतःचे खिसे उलटे करून दाखवले. मुख्याध्यापकांनी मला, आकडा नीट तपासलात ना, असं विचारलं आणि मी त्यांनाही तर्क समजावून सांगितला.

अर्ध्या तासाने शाळेचे शिपाई व्हिन्सेंट आले. हातात शंभराची नोट. "घ्या साहेब. पाण्याच्या पिंपाजवळ पडली होती." हे म्हणताना ते माझ्याकडे न बघता आंब्याच्या झाडाकडे बघत होते.

दोन हजार पाचशे! मी व्हिन्सेंटना मिठी मारली. घरी जाऊन डबा विनयासमोर ठेवला आणि म्हणालो, "ना नफा ना तोटा. पर्याय तीन."

"हो का? छान," ती म्हणाली. "आता हातपाय धुऊन घ्या." तिच्या चेहऱ्यावर हरलेल्या माणसाचं काही दिसेना. तो तिचा मोठेपणा, असं मी समजलो.

दुसऱ्या दिवशी मी त्या गणिताच्या पुस्तकाच्या प्रकाशकाला रजिस्टर्ड पत्र पाठवलं. चूक कळवली, मेळाव्याचा जमाखर्च जोडला, साक्षीदार म्हणून व्हिन्सेंट यांचं नाव दिलं. उत्तर आलं नाही. त्यांना लाज वाटली असणार.

फेब्रुवारीत परीक्षा झाली. रिद्धी हसत बाहेर आली. "सूट-तोट्याचं गणित आलं होतं," एवढंच म्हणाली. कोणता पर्याय, ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात दुधाच्या पिशव्या घेऊन येताना रस्त्यावर जयवंत सर भेटले. "टिपणीस, बरं झालं भेटलात. रिद्धीची जानेवारीची फी राहिली आहे."

"कसली फी?"

"ट्यूशनची. नोव्हेंबरपासून येते ना ती." त्यांनी चष्मा काढून पुसला. "वहिनींनी तुम्हाला सांगितलं नाही वाटतं. जानेवारीचे शंभर रुपये ती त्या मेळाव्याच्या दिवशी देणार होती. पण म्हणाली, सर, ते मी व्हिन्सेंटकाकांना दिले. माझे बाबा टेबलाखाली शिरले होते, मला बघवेना."

दुधाच्या पिशव्या हातात एकदम जड झाल्या. तिला पहिल्या पुडीपासून ठाऊक होतं. सबंध शाळेला ठाऊक होतं, डेल्फिन मावशींना तर पक्कं ठाऊक होतं. वाळूत लिहिलेलं ते वाक्य पोरीने स्वतःच्या फीने सांभाळलं होतं. मला हसू येत होतं की रडू, खरंच सांगता येणार नाही.

पण बाप म्हणून काही लाज राखायला हवी. मी दूध काखेत मारलं आणि पाकीट काढलं. "सर, आत्ताच घ्या. किती?"

"तसं मी जानेवारीपासून शंभरावर शेकडा पंचवीस वाढ केली आहे," ते म्हणाले. "पण रिद्धीसाठी वाढलेल्या फीवर शेकडा वीस सूट."

या वेळी मी घाई केली नाही. चांगला शांतपणे विचार केला. पंचवीस चढवले, वीस उतरवले. उरले पाच. शंभराची नोट काढली, वर पाचाचं नाणं ठेवलं आणि ताठ मानेने त्यांच्या हातावर दिलं.

जयवंत सरांनी नोट घडी करून खिशात ठेवली आणि नाणं मला परत दिलं.

"काय हे?" मी म्हणालो.

"सव्वाशेचे वीस टक्के म्हणजे पंचवीस. फी शंभरच होते. रिद्धीने बजावलं होतं," ते म्हणाले, "बाबा एकशेपाच देतील. वरचे पाच न विसरता परत करा."