सुलूमावशीच्या खोलीत उभ्याने बोलायला बंदी

सुलूमावशीच्या खोलीत उभ्याने बोलायला बंदी आहे. तशी पाटीबिटी लावलेली नाही, पण दारात पाऊल टाकलं की आतून आवाज येतो, "आधी खाली बस. उकिडवा. पोरांच्या डोळ्यांच्या लेव्हलला ये, मग काय ते बोल."

काळाचौकीच्या आमच्या चाळीत दुसऱ्या माळ्यावरची कोपऱ्यातली खोली म्हणजे मावशीचं पाळणाघर. त्यात सात पोरं, एक मावशी, आणि खिडकीखालच्या खाटेवर मावशीची म्हातारी आई. तिला अख्खी चाळ 'आये' म्हणते. मी शेजारच्याच खोलीत दादा-वहिनीकडे राहतो आणि त्यांची अडीच वर्षांची मनू मावशीकडे असते. म्हणजे रोज दोन वेळा उकिडवं बसणं मला कंपल्सरी.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "मावशी, हे कशाला?"

"तू वरून बोलतोस तेव्हा पोराला काय दिसतं माहितीय? नाकपुड्या. नुसत्या नाकपुड्या. नाकपुड्यांवर कोण विश्वास ठेवेल?"

मी लांज्याच्या शाळेत शिकलो. आमच्या सरांच्या नाकपुड्या मला अजून पाठ आहेत. त्यामुळे मी उकिडवा बसलो.

तर कुरियरवाला उकिडवा बसून सही घेतो. गणपती मंडळाची पोरं आली तर सहाच्या सहा ओळीने बसतात, पंक्तीला बसल्यासारखी. चाळ कमिटीचे नाईककाका एकदा तावातावाने आले. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. मावशीने त्यांना स्टूल दिलं आणि म्हणाली, "आजच्या दिवस चालेल. पुढच्या वेळी डॉक्टरची चिठ्ठी आणा."

हे सगळं आलं कुठून? पाच-सहा वर्षांपूर्वी मावशीने बालविकासाचं एक प्रशिक्षण केलं. त्याआधी ती पण चारचौघींसारखी पोरं सांभाळायची. "बागुलबुवा येईल" वगैरे. प्रशिक्षणावरून आली ती दोनशे पानी वही भरून आणि बागुलबुवाला कायमची सुट्टी देऊन. तेव्हापासून तिच्या तोंडात एकच वाक्य, "मेंदू लिहून घेतोय बरं का." तुम्ही पोरासमोर कोणावर खेकसलात, की मेंदू लिहून घेतोय. पोरीने चमचा दहा वेळा खाली टाकला आणि तुम्ही दहा वेळा उचललात, तरी मेंदू लिहून घेतोय. "अकराव्यांदा टाकू दे. प्रयोग चालू आहे तिचा. चमचा दर वेळी खालीच जातो का, ते बघतेय."

खाटेवरून आये म्हणायची, "मगे वरती जातलो काय?"

आयेला हे शास्त्र मुळीच मान्य नव्हतं. "आमी पोरां वाढवूक नाय?" हे तिचं दिवसातून तीनदा ठरलेलं. मावशी त्याला कधीच उत्तर द्यायची नाही. मला वाटायचं, म्हातारीशी कोण डोकं लावणार.

मावशीचा प्रॉब्लेम एकच. शास्त्र पोरांसाठी आहे आणि मोठ्यांना सोडून द्यायचं, हे तिला कोणी सांगितलेलंच नाही. नळावर दोन बायका भांडत असल्या की ही मध्ये जाऊन म्हणणार, "तुला राग आलाय. दिसतंय मला. येऊ दे राग." मग दोघींना मिळून मावशीचा राग येतो आणि भांडण मिटतं. कोणाला शाब्बास म्हणणार नाही. 'हुशार' हा शब्द तर तिच्या खोलीत शिवीसारखा. "कौतुक माणसाचं नाही करायचं, मेहनतीचं करायचं." दादाने एकदा तिला गावचा फणस आणून दिला. मावशी म्हणाली, "तू हा दोन जिने चढून आणलास. मध्ये एकदा टेकवलास, पण सोडला नाहीस." दादा घरी येऊन अर्धा तास विचार करत होता, हे थँक्यू होतं की काय होतं.

आणि तिचा 'दोनातलं एक' म्हणून प्रकार आहे. पोराला हुकूम सोडायचा नाही, निवड द्यायची. दूध लाल कपात की निळ्या? मग पोर कप निवडण्यात गुंततं आणि दूध पिऊन टाकतं. आमचा गॅसवाला सिलिंडर जिन्यातच ठेवून ओरडायचा. मावशीने त्याला गोड आवाजात विचारलं, "भैया, ओट्याखाली ठेवणार की कपाटाजवळ?" तो क्षणभर थांबला. म्हणाला, "ओट्याखाली." आणि ठेवून गेला! जिन्यात ठेवायचा ऑप्शनच संपला होता.

मी नकला करतो. चाळीत माझी तेवढीच इज्जत आहे. मावशीची नक्कल तर माझा हिट आयटम. एकदा गॅलरीत पोरं जमवून "राग आलाय? येऊ दे राग" चालू होतं आणि मागे मावशी उभी. सगळे गार. मावशी म्हणाली, "आवाज बरोबर धरलायस. हात मात्र मी असे करत नाही. परत कर."

पण एका बाबतीत तिने मला सोडलं नाही. ते कावळ्याचं प्रकरण.

सकाळी मनूला सोडून निघायचं म्हटलं की ती माझ्या पॅन्टला लटकायची. मग मी एक आयडिया काढली. खिडकीकडे तोंड करून कावळ्याचा आवाज काढायचा. माझा कावळा एक नंबर आहे, खरे कावळे उत्तर देतात. मनू "काऊ! काऊ!" करत खिडकीकडे पळाली की मी मागच्या मागे सटकायचो. आठ दिवस मस्त चाललं. नवव्या दिवशी खिडकीत खरा कावळा येऊन बसला आणि मनूने असा टाहो फोडला की तळमजल्यावरून लोक वर आले.

मावशीने मला उकिडवं बसवलं. "तिच्या मेंदूने काय लिहून घेतलं, सांग."

"काय?"

"कावळा ओरडला की काका नाहीसा होतो. आता ती दिवसभर कावळ्यावर लक्ष ठेवून असते. खेळत नाही, जेवत नाही. ड्यूटी करते ती."

मला हसू आलं, पण मावशी हसत नव्हती. "चोरून जायचं नाही. कोणीच नाही. पोराला तीन गोष्टी सांगायच्या. मी कुठे जाते, तुझ्याजवळ कोण राहणार, मी कधी येणार. मग जायचं. रडली तर रडू दे."

"तिला घड्याळ कळतं का मावशी?"

"भात कळतो ना? भात खाल्ला, झोपून उठली, चणे खाल्ले, की काका आला. हे तिचं घड्याळ. आणि चणे खाताना तू इथे पाहिजेस. पाच मिनिटं उशीर नाही."

खाटेवरून आये करवादली, "'जाते' म्हणू नये गो, 'येते' म्हणावा. इतक्या पण कळणा नाय?"

"तिला आधी जाते ते सांगितलं पाहिजे, आये," मावशी म्हणाली. तेवढंच. आणि भात कुस्करायला लागली.

तेव्हापासून मी रोज तीन गोष्टी सांगून जायला लागलो. पहिले चार दिवस मनू रडली. पाचव्या दिवशी मला म्हणाली, "काका, जा." माझा थोडा अपमानच झाला.

मग वहिनीच्या ऑफिसातून फर्मान आलं. तीन आठवडे हैदराबादला ट्रेनिंग. केलं तर मोठी पोस्ट, नाही केलं तर पुढच्या वर्षी बघू, म्हणजे कधीच नाही. वहिनी मनूला सोडून एक रात्रही कुठे राहिली नव्हती. लांज्याहून माझ्या आईचा फोन, "निजलेली असताना निघ. बघितलंन तर सोडायची नाही तुला." दादाचंही तेच मत. वहिनी म्हणाली, "ती रडताना दिसली तर माझा पाय निघणार नाही. मला माहितीय मी."

मावशीला कळलं तशी ती आमच्या खोलीत आली आणि चक्क उभ्याने बोलली.

"झोपेत सोडून जायचं नाही. उठल्यावर आई नाही, तर पोर डोळे मिटायला घाबरतं. दुपारी चारला निघ. माझ्या खोलीतून निघ. सांगून."

"आणि नाही निघता आलं तर?" वहिनीने विचारलं.

"तर पोस्ट जाईल," मावशी म्हणाली. "पण निजलेली सोडून गेलीस तर मी सांभाळणार नाही."

दादा चिडला. एवढं काय, म्हणे. पण तीन आठवडे दुसऱ्या कोणाकडे ठेवणार होतो आम्ही मनूला? शेवटी वहिनी हो म्हणाली.

मावशीने गॅलरीतल्या दोरीला एकवीस चिमटे लावले. कपड्यांचे, रंगीत. रोज झोपून उठलं की एक काढायचा. दोरी रिकामी झाली की आई. आठवडाभर वहिनी आणि मनू रोज संध्याकाळी ते चिमटे बघायच्या. मनूला चिमटे आवडले होते. आई जाणार हे तिच्या हिशेबात कुठे बसलं होतं, देव जाणे.

जायचा दिवस. मी बॅग धरून दारात. वहिनी मनूसमोर उकिडवी बसली. तीन गोष्टी सांगितल्या, अगदी बरोबर. मी हैदराबादला जाते. तुझ्याजवळ बाबा, काका आणि मावशी आहेत. सगळे चिमटे संपले की मी येते. मनूने ऐकून घेतलं. वहिनी उठली, आणि मनूने तिच्या ओढणीला जी मिठी मारली! किंचाळत होती. "नको आई. नको." वहिनीचा चेहरा पडला. तिने बॅगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "नाही जात मी."

गॅलरीत चाळ जमली होती. कोणीतरी म्हणालंच, "उगाच रडवलं पोरीला. झोपेत गेली असती तर कळलं पण नसतं."

मावशी मनूच्या बाजूला फरशीवर बसली. तिला ओढली नाही. ओढणी एकेका बोटातून सोडवली. वहिनीला म्हणाली, "तू सांगितलंस. आता जा. रडणं तिचं काम आहे, ती करील. मी आहे इथे."

वहिनी जिना उतरली. मागे वळली, हात केला, परत उतरली. खाली टॅक्सीचं दार लागल्याचा आवाज आला.

मनू वीस मिनिटं रडली. मी घड्याळात बघत होतो, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. मावशी "रडू नको" म्हणाली नाही. "आई गेली. तुला नको होतं. हो ना," एवढंच मध्ये मध्ये म्हणत होती. बाकीची पोरं आपापली खेळत होती. लोक पांगले. हळूहळू मनू स्वतःच सरकत आली आणि मावशीच्या मांडीत शिरली. हुंदके चालू होते, पण रडणं संपलं होतं.

तेव्हा खाटेवरून आये बोलली. माझ्याकडे बघून.

"हिका मी सांगूक नाय."

मला वाटलं मनूबद्दल बोलतेय. म्हटलं, "कोणाला, आये?"

"सुलूक. चार वर्सांची होती. मुंबयक इच्या बापाशीकडे येवचा होता, खानावळ चालवूची होती. हिका सासूकडे निजवलंय आणि मी पहाटेच्या यष्टीत बसलंय. उठल्यार किती रडला ता माका कोणी सांगूक नाय. मी इचारूक पण नाय."

मला मावशीकडे बघवेना. एरवी ती माझ्याशी, पोरांशी साधं बोलते. आता आयेच्याच भाषेत बोलली, मनूला थोपटत, मान न वळवता.

"रडूक नाय मी. तू पाण्याक गेली असशीत म्हणान पाणवठ्यार जावन बसलंय."

आयेने अगदी हळू विचारलं, "केदवर? किती येळ?"

मावशीने मनूचं डोकं एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं.

"सांगलं असतंस तर गाडी चुकली असती गे तुजी," ती म्हणाली. "चाय ठेवतंय. अर्धो कप घेशीत?"