आप्पांची एक रेघ

आप्पांच्या लेकीच्या लग्नपत्रिकेत मुहूर्ताची वेळ चुकली. दुसरा कुणी असता तर पत्रिका पुन्हा छापल्या असत्या, नाहीतर फोनवर कळवलं असतं. आप्पांनी लाल पेन घेतलं. प्रत्येक पत्रिकेवर चुकीच्या वेळेवर एकच रेघ, वर नवी वेळ, समासात कारण: ‘उपाध्यांनी पंचांग उलटं धरलं’, आणि खाली तारखेसह सही. जुनी वेळही स्पष्ट वाचता येत असल्यामुळे निम्मी मंडळी त्या वेळेला आली आणि उपाशी बसून राहिली. उपाध्ये जेवले, पण आप्पांशी बोलले नाहीत.

“खोडायचं न्हाय बाई, रेघ मारायची,” आप्पा मला सांगतात. “खालचं वाचाय यायला पायजे. चुकलोच न्हाय म्हणून कसं चालंल?”

आप्पा निपाणीकडचे. तालुक्याच्या शिक्षण कचेरीत आकडेवारीचे लिपिक होते. कुठल्या शाळेत किती मुलं, किती गुरुजी, किती खोल्या, याचं दरवर्षी एक पुस्तक निघायचं. पुस्तक निघालं की चुका सापडायच्या आणि चुका सापडल्या की आप्पांचं शुद्धिपत्रक निघायचं. ते नुसतं टपालाने पाठवून त्यांचं भागत नसे. पिशवीत डिंकाची बाटली घालून, एसटी बदलत, ते शाळेशाळेत जाऊन पुस्तकात चिठ्ठी डकवून यायचे. आप्पा फाटकात दिसले की हेडमास्तर मागच्या दाराने शेताकडे जात.

आता आप्पा आणि मी, दोघंही निवृत्त, दोघंही बेळगावात, भिंतीला भिंत लागून. त्यांची बायको गेली, लेक पुण्यात. रोज सकाळी मी विचारते, “काय आप्पा, बरं हाय का?”

“व्हय. तात्पुरतं.”

सगळंच तात्पुरतं. चहाची चव तात्पुरती, रक्तदाब तात्पुरता. अंतिम म्हणून त्यांनी कशालाच मान्यता दिलेली मला आठवत नाही. हल्ली शाळांचे आकडे संगणकावर येतात, तर हे गल्लीतल्या पोरांकडून कागद छापून घेतात आणि मागच्या महिन्याच्या कागदाशी भिंग लावून ताडून बघतात. मग माझ्या दारात उभे. “बाई, आकडा बदललाय बगा! कोण बदललं, का बदललं, कायबी न्हाय. गुमान बदललाय.” मी दमून हो म्हणते. या वयात दुसऱ्याचा संताप ऐकायचा म्हणजे पायऱ्या चढण्यासारखं आहे.

पण आप्पांचं ऐकून घेणं मला भाग आहे. त्याचं कारण चाळीस वर्षांपूर्वीची एक बाई.

ही बाई बेळगावहून निपाणीकडच्या एका खेड्यात हेडमास्तरीण म्हणून गेली. नाकावर चष्मा, इस्त्रीची साडी, आणि आपल्याला कन्नड येतं असा सगळ्या गावात बोभाटा. येत होतं ते बसची पाटी वाचण्यापुरतं. कचेरीचा फॉर्म कन्नडमध्ये आला तेव्हा आमच्या धाकट्या मास्तरांनी विचारलं, “बाई, वाचून दाऊ?” बाईंना राग आला. शाळा मराठी, तेव्हा पहिली ओळ आपलीच असणार, असं ठरवून बाईंनी सगळी मुलं पहिल्या ओळीत घातली आणि झोकात सही केली. पहिली ओळ कन्नड माध्यमाची होती. ही बाई म्हणजे मी, हे सांगायला नकोच.

पुस्तक छापून आलं. आमच्या गावात मराठी शिकणारी मुलं: शून्य. पाठोपाठ पत्र आलं की मुलंच नाहीत तर मराठी मास्तरांच्या जागा दुसरीकडे हलवू. एक आई पोराला बखोटीला धरून शाळेत आली. “बाई, ह्यो माझा ल्योक हितं हुबा हाय, आनि बुकात न्हाय म्हंत्यात. मग ह्यो कोण?”

मी कचेरीत पळाले. आप्पांनी फायलीतून माझा फॉर्म काढून समोर ठेवला. “अक्षर तुमचं. सही तुमची.”

“छपाईची चूक म्हणून लिहा ना.”

“कारण खोटं लिवलं तर आकड्यावर कोण इश्वास ठेवंल?”

मी पदर डोळ्यांना लावला. डोळे कोरडेच होते. पण नोकरी नवी, पहिलाच शेरा, हे मी पदराआडून ऐकवत राहिले. आप्पांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. “बगू. जावा आता.”

आठवड्याने ते स्वतः आले आणि चिठ्ठी डकवून गेले. शून्यावर रेघ, वर खरा आकडा, पुढे कन्नडमध्ये कारण. ते मला वाचता येईना, आणि विचारायची छाती नव्हती. मास्तरांच्या जागा राहिल्या. त्याच वर्षी आप्पांची बदली खानापूरच्या रानात झाली. तान्ही लेक निपाणीला, हे तिकडे. मी म्हटलं, बरं झालं, डिंकाची बाटली गेली.

त्या लाजेपायी मी पुढे कन्नड शिकले, चांगली कादंबरी वाचण्याइतकी.

परवा आप्पा म्हणाले, “डोळ्यांनी दिसंना झालंय बाई, जुनी बुकं जरा लावून द्या.” मी एकेक पुस्तक नाव वाचून फळीवर ठेवत होते. त्या वर्षाचं पुस्तक हातात आलं आणि मी आमच्या गावाचं पान उघडलं. आप्पांच्या या प्रतीतही तीच चिठ्ठी होती, डिंक पिवळा पडलेला. कारण मी या वेळी वाचलं: ‘कचेरीतील लिपिकाने आकडा चुकीच्या ओळीत उतरवला.’ खाली आप्पांची सही.

मी टेबलावरचं लाल पेन उचललं.

“आप्पा, इथलं कारण चुकलंय. रेघ मी मारते. सहीपण माझी.”

कुठलं पान ते त्यांनी विचारलं नाही. चाचपत हात पुढे केला आणि पंजा चिठ्ठीवर पालथा ठेवला.

“ऱ्हाऊ द्या बाई,” ते म्हणाले. “त्ये अंतिम हाय.”