इओतेबा मास्तरांची वाकड्या होडीची मोहीम

हकीकत ऐसी कीं, अबाइआंग बेटाचे शाळेंतील अखंडविद्याभिलाषी राजश्री इओतेबा मास्तर यांणीं खेळण्यांतल्या होडीकरितां जें युद्ध मांडिलें, तें आम्हीं किनारीं उभे राहून डोळां पाहिलें आणि तैसेंच लिहितों; पदरचें कांहीं नाहीं.

साल मजकुरीं राजधानीहून शाळेस एक यंत्र आलें. संगणकावर आकृती काढावी आणि यंत्रानें प्लास्टिक वितळवून ती घडवावी, ऐसा त्याचा हुनर. गावचे वडीलधारे मंडपांत मसलतीस बसले आणि म्हणों लागले कीं, हें वीज खातें, मुलांस देतें काय? मग फर्मान सुटलें कीं, खेळण्यांतल्या होड्यांचे शर्यतींत यंत्रानें गुण दाखवावा, न दाखवी तर पुढल्या जहाजानें माघारीं जावें. मास्तर हवालदिल जाहले, कारण यंत्राचे अर्जावर दस्तखत त्यांचें.

मास्तरांची सासू नेई रोतिआ, उमर सत्तर, या खेळांतील खाशी सेनानी. तिची होडी हातभर लांब, तांदळाचे गोणीचें शीड, एके अंगास उलांडी, म्हणजे तोल राखावयास काठ्यांनीं दूर बांधिलेला ओंडका. मास्तरांनीं तीच होडी संगणकास दाखविली, आणि संगणकानें अर्ज केला कीं, पोट एके कुशीस फुगीर, दुसरीस चपटें, हा दोष. दुरुस्त करावा काय? हुकूम जाहला, करावा. मग समान कुशींची गुलाबी होडी मोठ्या इतमामानें पाण्यांत उतरली आणि शीड भरतांच तीन गिरक्या घेऊन सासूबाईंचे नडगीवर चालून गेली.

"जावईबापू," नेई रोतिआ म्हणाली, "ही मला न्यायला आली वाटतं."

मास्तरांनीं मान खालीं घालून पुसिलें, "आई, तुमची सरळ कशी जाते?"

"मला काय विचारता? घ्या, खेळा तिच्याशी."

मग मास्तर दोन दिवस गुडघाभर पाण्यांत खेळले, आणि पाठ भाजली, आणि शाळेची घंटा दुसऱ्यानें वाजविली. सासूबाईंचे होडीची उलांडी सोडून, शीड उतरवून ढकलली, तों ती एकीकडे वळली. गुलाबी होडी उलांडीसह ढकलली, तों ती दुसरीकडे वळली. तेव्हां उमज पडला कीं, उलांडी एकीकडे ओढी, वाकडें पोट दुसरीकडे ओढी, आणि दोघांचे भांडणांत होडी सरळ जाई. मास्तर पाण्यांतच बसले आणि हंसों लागले, तें पाहून लोकांस काळजी वाटली.

मग यंत्रास वेढा पडला. यंत्र पुसे, दोष आढळला, दुरुस्त करूं? मास्तर नकार देत. ऐसे दहा हल्ले परतविले, अकराव्यास यंत्र शरण आलें आणि निमूट वाकडी होडी घडवून दिली.

शर्यतीस नऊ होड्या निघाल्या. नेई रोतिआची पहिली आली. मास्तरांची गुलाबी वाकडी रेघ मारल्यागत सरळ, परंतु फार सावकाश, पैलतीरीं पावली. वडीलधाऱ्यांनीं विचार करून फर्माविलें कीं, यंत्र शाळेंत राहावें आणि त्यास नेई रोतिआनें शिकवावें.

"शिकवीन," ती म्हणाली. "हुशार आहे, फक्त सांगितलेलं ऐकत नाही. तशांची मला घरात सवय आहे."

ऐसा आठवा नंबर मारून मास्तरांनीं फत्ते केली, यांत संशय नाहीं. नववी होडी अद्याप सांपडली नाहीं.